आदिनाची उरलेली भाषा

लिमोन,
९ मे १९८२

चि. बर्टी यास,

लिओनीचे अ. उ. आ.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. त्यावरचा ससा शेजारच्या पोरीने कापून नेला, त्यामुळे तू आत काय लिहिलं होतंस ते अर्धंच वाचता आलं. बाकी मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शनिवारी बाजारात खिम्याच्या चाळीस करंज्या अजून विकते. आईचीच चव, फक्त मिरची निम्मी, कारण आता गिऱ्हाईक पान्यांचं, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचंच जास्त आणि त्यांना आपला तिखटपणा सोसत नाही.

आता खरं सांगते. आपल्या आदिनाला ईस्टरच्या आधी झटका आला. तिच्या मुलीचं, मारिएलोसचं पत्र आलं तशी मी गाडी धरून कार्तागोला गेले. उजवा हात गेला आहे आणि तोंड किंचित वाकडं झालंय. तीन आठवडे वाचा नव्हती. मग एके दिवशी सकाळी बोलायला लागली, ती नुसती स्पॅनिश. मी जवळ बसून आपल्या जमैकी इंग्रजीत विचारलं की घरामागचा नीरफणस आठवतो का गं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी परगावची कोणी बाई, चुकून तिच्या घरात शिरलेली. मग मी तेच स्पॅनिशमध्ये विचारलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

डॉक्टर म्हणतात, असं होतं. एक भाषा पुसली जाते, दुसरी उरते. बर्टी, आईची अंगाई, चर्चमधली भजनं, बाबांच्या शिव्या, सगळं गेलं. लग्नानंतर शिकलेली भाषा तेवढी उरली.

मी तिच्याशी बोलू शकते, कारण मी पन्नास साली झक मारत स्पॅनिश शिकले. तू काय करशील? लिमोनमध्ये जन्मलास, बावीस वर्षं इथलं पाणी प्यायलास आणि त्या भाषेत तुला येतं काय, तर गोदीवरच्या तीन शिव्या. त्यातली एक माझ्यासमोर उच्चारण्याजोगी नाही.

तरी ये. चौसष्ट वर्षांचा झालास, तिच्यासारखा सहासष्ट व्हायची वाट बघू नकोस. ती किती दिवसांची सोबतीण आहे, मला ठाऊक नाही.

तुझ्यावर लोभ आहे. किती ते तोंडाने सांगणार नाही, चढून बसशील.

तुझी,
लिओनी


ब्रुकलिन,
२५ मे १९८२

ती. ताईस,

बर्टीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दारातच वाचलं आणि वाचून झाल्यावर किल्ली कुठे ठेवली ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

ताई, तुला एक गोष्ट ठाऊक नसेल, किंवा असेल आणि तू बेचाळीस वर्षं गप्प राहिली असशील. चाळीस साली आदिनाने एव्हारिस्तोशी लग्न केलं तेव्हा मी पनामात होतो. मला तेव्हा कुणा पान्याचं नाव ऐकलं तरी तिडीक यायची. पलीकडच्या किनाऱ्यावर केळीच्या कामाला गेलो, तर काळ्यांना घ्यायचं नाही असा सरकारी कागद दाखवून मला दारातून परत पाठवलं होतं. सोळा वर्षांचा होतो मी. आणि आपल्याच बहिणीने त्यांच्यातला तारबाबू पसंत केला! मी तिला पत्र लिहिलं. ज्यांची भाषा तुला गोड लागली त्यांच्यातच राहा, देव करो आणि आपल्या बोलीतला एक शब्दही तुझ्या तोंडी न राहो, असं लिहिलं. त्यानंतर तिची दोन पत्रं आली. ती मी न फोडता परत पाठवली.

मी देवभोळा नाही. तीस वर्षं इस्पितळात लिफ्ट चालवली. रक्ताची गुठळी कुणाचं पत्र वाचून डोक्यात शिरत नाही, एवढं मला कळतं. तरी तुझं पत्र आल्यापासून ते चाळीस सालचं पत्र मी मनात पुन्हा पुन्हा वाचतोय.

आमच्या इमारतीखाली कपडे धुवायचं दुकान आहे. ते चालवणारी बाई, दोन्या आल्ताग्रासिया (दोन्या म्हणजे बाईसाहेब), सांतो दोमिंगोची. गेल्या आठवड्यात तिला म्हटलं, मला स्पॅनिश शिकवाल का. तिने माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पायमोज्यांकडे बघितलं आणि म्हणाली की वीस वर्षं तुम्ही माझ्याशी बोटं नाचवून बोललात, आता एकदम काय झालं? मी सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी यंत्र फिरतंय तोवर शिकवते. सदरा, बाही, डाग, सुकलं, नाही सुकलं. आजारी बहिणीशी यातलं काय बोलायचं, देव जाणे.

जुलैचं तिकीट काढलं आहे. पैशाचं कसं करायचं ते कळव. इथला बँकवाला म्हणतो की तुमच्या कोलोनचा भाव तो सांगेपर्यंत बदललेला असतो.

रागावू नकोस. रागावायचंच असेल तर मी येईपर्यंत थांब, समोर बसून ऐकेन.

तुझा,
बर्टी


लिमोन,
८ जून १९८२

चि. बर्टी यास, अ. उ. आ.

त्या पत्राबद्दल मला ठाऊक होतं. एवढंच.

आता पैशाचं ऐक. साडेआठ कोलोनला एक डॉलर ही आपल्या डोक्यातली गोष्ट विसर. गेल्या वर्षभरात इथे लोक उठल्यावर हवा बघत नाहीत, डॉलर बघतात. विमानतळावर एक नोटही मोडू नकोस. बँकेत रांग लावशील तर तुझं तिकीट संपेल. सान होसेत मोठ्या पोस्टाजवळ बदलणारे उभे असतात, त्यांतल्या बाईमाणसाकडे जा, आणि आधी भाव विचार, मग पाकीट काढ. एकाच खिशात सगळं ठेवू नकोस. पाठीला पोट चिकटलेलं असलं तरी नोटा मोजताना खाऊ नकोस, तुझं लक्ष उडतं.

भाषेचं म्हणशील तर तीन गोष्टी पाठ कर: केवढ्याला, सावकाश बोला, कळलं नाही. आणि कळल्याशिवाय ‘सी’, म्हणजे ‘हो’, म्हणू नकोस. बाबा तेच करायचे. समोरचा पान्या काहीही बोलला की मान हलवून ‘सी, सी’, आणि घरी येऊन आईला म्हणायचे, काय म्हणाला कोण जाणे. एकदा त्या ‘सी’च्या पायी दोन डुकरं विकून बसले होते.

खरं तर दोष त्यांचाही नाही. ते दर नाताळात म्हणायचे की पुढच्या वर्षी जमैकाला परत जायचंय, मग या लोकांची भाषा कशाला शिकता? मास्तर ब्राउनच्या शाळेत आपण इंग्लंडच्या राजांची नावं घोकली, टेम्स नदीचा उगम घोकला, आणि समोरच्या दुकानात मीठ मागताना बोट दाखवलं. बाबांचं ते पुढचं वर्ष कधी आलं नाही. ते इथेच, समुद्राकडे तोंड करून पुरलेत. आपण कुणाचे होतो रे? जमैका बघितलं नाही, आणि हा देश एकोणपन्नास सालापर्यंत आपल्याला नागरिकत्वाचा कागद देईना. डोंगरावरच्या तुर्रियाल्बाच्या पुढे काळं माणूस दिसलं की लोक वळून बघत, तिथे आदिना एकटी जाऊन राहिली. तेव्हा मला तिची लाज वाटली होती. आता वाटतं, आपल्यात तीच एक हिमतीची.

लोकरीचा सदरा आण. कार्तागोत धुकं असतं, आणि तू तिकडे लिमोनसारखं उकडेल म्हणून पातळ कपड्यात येशील.

आशीर्वाद पुरे होतील एवढे पाठवले आहेत, जपून वापर.

लिओनी


सान होसे,
१४ जुलै १९८२

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पोचलो. जिवंत आहे. सदरा पातळच आणला, बोलू नकोस.

काल पोस्टाजवळ गेलो. पन्नासेक माणसं गणकयंत्रं हातात धरून उभी, आणि पोलीस दिसला की सगळी एकदम बूट पॉलिश करून घ्यायला बसतात. तू सांगितल्याप्रमाणे बाईमाणूस शोधलं. स्टुलावर बसलेली, नाव दोन्या सोराइदा, पुढ्यात लॉटरीची तिकिटं, कमरेला पदराएवढा मोठा खिसा. मी भाव विचारला. बरोबर विचारला, ताई! तिने सांगितला. मी शंभर डॉलर दिले. तिने सहा हजार मोजून हातावर ठेवले.

मी ऐकलं होतं सत्तर. म्हटलं, झालं, आल्याआल्याच लुटलं मला. सेतेंता! मी ओरडलो. सेसेंता! ती ओरडली. मी सेतेंता, ती सेसेंता, असं आमचं भजनाच्या धृपदासारखं चाललं. माणसं जमली, दोन तट पडले, एक म्हातारा तर काही न विचारता माझ्या बाजूने भांडायला लागला. शेवटी तिने पेन काढून माझ्याच तळहातावर सहा आणि शून्य काढलं. तिच्या भाषेत साठ आणि सत्तर यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि तेवढ्यासाठी मी भर रस्त्यात एका बाईला चोर म्हटलं होतं.

तिने विचारलं, कुठले तुम्ही. लिमोन, म्हटलं. त्यावर ती अशी हसली की तिकिटं उडाली. लिमोनचा माणूस आणि आकडे येत नाहीत! मग नोटा परत घेतल्या आणि म्हणाली, आता तुम्ही मोजा. दहापासून शंभरापर्यंत माझ्याकडून मोठ्याने मोजून घेतलं, चुकलो की जमलेली माणसं सुधारत होती. पाचवीतल्या पोरासारखे कान गरम झाले. इतकं होऊन तिने विचारलं, आलात कशाला. मला दोनच शब्द सुचले, बहीण आणि आजारी. ताई, तिने नोटा दोन भागांत दुमडून माझ्या दोन वेगळ्या खिशांत स्वतःच्या हाताने घातल्या आणि वरून छातीवर थोपटलं.

बाजारातल्या खानावळीत डुकराच्या मांसाचा पाव मागितला. वाढप्याने गंभीरपणे मला मोरीपाशी नेलं आणि साबण दिला. तिथेही एकाच अक्षराचा घोळ. मी हात धुऊन परत येऊन बसलो आणि बोट दाखवून भात-घेवडा मागितला. नारळाचं दूध नाही त्यात. याला हे लोक जेवण म्हणतात!

पण एक सांगू? खानावळीच्या पडवीत बसून कॉफी पीत होतो, तेव्हा रस्त्यावरचा गलका ऐकून मला उगीचच आपली गोदी आठवली. हाच आवाज होता. तेव्हा मी त्याला गोंगाट म्हणायचो. त्यात शब्द होते, हे मला काल समजलं.

उद्या कार्तागो. आशीर्वाद तारेने पाठवता येत असतील तर पाठव.

बर्टी


कार्तागो,
१९ जुलै १९८२

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

भेटलो.

बसमध्ये सबंध वाट एकच वाक्य घोकत होतो. दोन्या आल्ताग्रासियाने लिहून दिलं होतं, लो सिएन्तो. म्हणजे मला वाईट वाटतं, माफ कर. मारिएलोसने दार उघडलं. तिची उंची एव्हारिस्तोची असेल, पण कमरेवर हात ठेवून उभी राहिली ती हुबेहूब आईसारखी. आदिना पडवीत खुर्चीत होती. गुडघ्यांवर घोंगडी, केस पांढरे. ताई, मी चोवीस वर्षांच्या मुलीला शोधत होतो तिच्यात.

मी आधी आपल्या बोलीतच हाक मारली. तोंडातून तीच निघाली. तिने मान वळवली, पण जशी कुणाच्या रेडिओच्या आवाजाकडे वळवावी तशी. तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं.

मग मी टोपी काढली आणि म्हणालो, मे सिएन्तो.

मारिएलोसने ओठ चावले. आदिना माझ्याकडे बघत राहिली, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने सावकाश म्हणाली की मग बस ना, तुला अडवलंय कुणी? मी म्हणालो होतो, ‘मी बसतो.’ बेचाळीस वर्षांनी बहिणीच्या दारात येऊन, टोपी हातात धरून, मी तिला कळवलं की मी बसतोय. मग आदिना हसायला लागली, खांदे हलवून, आवाज न करता, चर्चमध्ये हसायची तशी. मारिएलोस हसली. मी बसलो, दुसरं करणार काय? आणि मग मला रडू आवरेना.

त्यानंतरचे दिवस, काय सांगू. ती मला शिकवते. डाव्या हाताने वस्तू दाखवते, नाव सांगते, मी म्हणतो, ती मान हलवते, पुन्हा म्हणायला लावते. तूच लहानपणी म्हणायचीस ना की हिला मास्तरीण व्हायचंय. पण तिचेही शब्द अडकतात. परवा कात्रीकडे बघून ती अडली. शब्द येईना, कपाळ दुखायला लागेपर्यंत येईना. आणि तो मला ठाऊक होता! कपडे धुवायच्या दुकानात शिकलेला. मी सांगितला. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला समुद्रातून ओढून काढली.

मारिएलोस औषधाच्या दुकानात काम करते, तिला मोडकं इंग्रजी येतं. ती म्हणते, एप्रिलपासून आई एका आठवड्यात बोलली नसेल एवढं तुमच्याशी एका दिवसात बोलते.

आम्ही मोठं काहीच बोलत नाही. चमचा, खिडकी, पाऊस, कॉफी गरम, कॉफी गार. मला वाटतं एवढ्यावर भागेल.

तुझा बसलेला भाऊ,
बर्टी


लिमोन,
२३ जुलै १९८२

चि. बर्टी यास, अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की करंज्यांचं तेल करपलं. प्रार्थनेला गेले तिथे आठवून पुन्हा हसले, पाद्र्याने बघितलं.

पण एक सांगून ठेवते. एवढ्यावर भागणार नाही.

तुला माहीत नसलेलं ऐक. पन्नास साली आपल्याला कागद मिळायचे ठरले, तेव्हा कचेरीत स्पॅनिशमध्ये उत्तरं द्यावी लागत. आमच्या मंडळातल्या बाया भीतीने जाईनात. तेव्हा आदिना दर महिन्याला गाडीने खाली यायची, कडेवर मारिएलोस, पिशवीत पाट्या. चर्चच्या मागच्या खोलीत आम्हा अकरा जणींना बसवून शिकवायची: नाव काय, जन्म कुठला, सही कुठे. ज्यांनी तिच्या लग्नाला पाऊल टाकलं नव्हतं, त्याच आम्ही. मीही त्यांत होते. तिने एकदाही टोमणा मारला नाही. फक्त उच्चार चुकला की पट्टी आपटायची. कचेरीत मी नाव सांगितलं, आणि कारकुनाने पुन्हा न विचारता लिहून घेतलं, त्या दिवशी घरी येऊन मी एकटीच मोठ्याने माझं नाव घेत बसले होते.

तू परत पाठवलेली तिची दोन पाकिटं तिच्या शिवणाच्या डब्यात आहेत. मी बघितलीत. तिने कधी माझ्याकडे विषय काढला नाही, पण डबाही टाकला नाही. ती तुला विचारील. तेव्हा घाईने काही बोलू नकोस. न कळलं तर न कळलं म्हण.

गाडीला रविवारी गर्दी कमी असते. ये तेव्हा समुद्राच्या बाजूला बस, पहिला निळा तुकडा तूच बघ.

माया तीच आहे, तुझ्या वयाबरोबर ती म्हातारी झालेली नाही.

लिओनी


कार्तागो,
३१ जुलै १९८२

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं.

सोमवारी आदिनाने शिवणाचा डबा मागितला. त्यातून ती पाकिटं काढली नाहीत, नुसता हात ठेवला. मग मला काहीतरी विचारलं. सावकाश, एकेक शब्द जुळवून, बराच वेळ घेऊन. मला त्यात ‘पत्र’ कळलं आणि ‘मन’ कळलं. मला वाटलं, विचारतेय की माझी पत्रं मनात आहेत का, वाचायची आहेत का, असलंच काही. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला ‘कळलं नाही’ म्हणायची लाज वाटली. एवढे कष्ट करून बोलली होती. मी मान हलवली आणि म्हणालो, सी.

मग तिने डबा बंद केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी चमचा दाखवला, खिडकी दाखवली. काही नाही. मारिएलोसलाही सांगेना. तिसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मारिएलोस माझ्या खोलीत येऊन दारातच उभी राहिली. आईने विचारलं होतं, म्हणाली, की ते पत्र तुम्ही मनापासून लिहिलं होतं का.

आणि मी हो म्हणालो होतो, ताई. हसून.

मारिएलोस म्हणाली, मी आईला सांगते, मामाला कळलं नव्हतं. ती सांगायला निघाली, पण मीच अडवलं. कारण पलंगावर बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं की ते उत्तर खोटं नव्हतं. मी तेव्हा मनापासूनच लिहिलं होतं. बावीस वर्षांचा होतो, तोंडावर दार लावलं गेलेला, आणि एकेक शब्द दात खाऊन लिहिला होता. ‘मला कळलं नाही’ म्हणून सुटलो असतो तर ते खोटं ठरलं असतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगण्यातलंही हे नव्हतं.

मारिएलोस म्हणाली, लिहून देते, पाठ करा. लांबलचक सुंदर वाक्य लिहिलं तिने. मला ते पेललं नाही. शेवटी माझ्याजवळच्या शब्दांतच शोधलं. पडवीत गेलो. ती भिंतीकडे बघत होती. मी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन गुडघ्यांवर बसलो, ती फरशी किती गार असते तुला ठाऊक आहे. आणि म्हणालो, आन्तेस, सी. आओरा, नो.

आधी, हो. आता, नाही.

तिने बोट वर करून खूण केली: पुन्हा. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा, तिने खूण केली. ताई, माझा उच्चार चुकला नव्हता. तिला कळलंही होतं पहिल्याच वेळी. तिने मला ते पाच वेळा म्हणायला लावलं, आणि पाचव्या वेळी माझ्याबरोबर तीही म्हणाली, शेवटचा शब्द तेवढा.

मग तिने आपला चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मारिएलोसला काहीतरी म्हणाली. या वेळी मी विचारलं की काय म्हणाली, मला कळलं नाही. मारिएलोस म्हणाली, आई म्हणतेय की याचे केस कोणी कापलेत, किती वाईट कापलेत.

आठ तारखेच्या रविवारच्या गाडीने येतोय. तिकिटाचे पैसे मीच दिले, मीच मोजले, खिडकीवरच्या माणसाने दोन कोलोन जास्त घेतले होते ते परत मागितले आणि त्याने दिले. निघायचं सांगितलं तेव्हा आदिना रडली नाही. मी नाताळात परत येईन का, असं विचारलं. नीट कळलं मला. मी थोडा विचार केला आणि मग सी म्हणालो.

स्टेशनवर उभी राहू नकोस, गुडघे दुखतील. मला घर सापडेल.

तुझा,
बर्टी


ब्रुकलिन,
७ नोव्हेंबर १९८२

प्रिय आदिना,

हे पत्र मी एकटा लिहितो. हा स्पॅनिश माझा आहे. दोन्या आल्ताग्रासिया म्हणते दाखव, मी दाखवत नाही. चूक आहे तर चूक तुझ्यासाठी आहे. तू पट्टी आपट.

मी बरा आहे. इथे थंडी आहे. झाड लाल आहे, मग झाड रिकामी आहे. माझी घर लहान आहे. खिडकी मोठा आहे. मी सकाळी कॉफी पितो आणि मोठ्याने बोलतो. शेजारी भिंत वाजवतो.

तू विचारतेस मला लहानपण आठवते का. हो. पण मला गेलेल्या काळाचे शब्द येत नाहीत. ते पुस्तकात पुढे आहेत, मी अजून पुढे नाही. म्हणून मी आजच्या शब्दांत सांगतो. तू समज.

सकाळ आहे. आई घरी आहे. ती भाकरी करते. बाबा गोदीवर आहे. लिओनी शाळेत आहे. तू सात वर्षांची आहेस. मी पाच वर्षांचा आहे. आपण बाबाचा डबा नेतो. वाटेत नदी आहे. नदीवर आगगाडीचा पूल आहे. पुलावर फळ्या आहेत. दोन फळ्यांच्या मध्ये काही नाही. खाली पाणी आहे. पाणी मोठा आहे. मी घाबरतो. मी जात नाही. मी रडतो. तू पुढे आहेस. तू मागे येतेस. तू डबा डोक्यावर ठेवतेस. तू म्हणतेस, पाणी बघू नको, माझे पाय बघ. तुझे पाय लहान आहेत. एका पायाला चिखल आहे. तू एक फळी चालतेस. मी एक फळी चालतो. आगगाडी येत नाही. कोणी येत नाही. तू गाते. काय गाते ते मला माहीत आहे, पण ते या भाषेत नाही.

मी तुझे पाय बघतो.

तुझा भाऊ आहे,
बर्टी